दिवसभर शांत असते आणि घरी आल्यावर पोरावर फुटते, हे शरीरात नेमकं काय होतं?

पारोळ्याची_सून

नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वय 32, मुलगा सहा वर्षांचा, मुलगी 14 महिन्यांची. सासर पारोळ्याकडचं पण राहतो जळगावला, मी एका पतसंस्थेत कॅशला बसते. मिस्टर पुण्याकडे कंपनीत, पंधरा दिवसांनी येतात. घरी सासूबाई आहेत, त्या पोरीला बघतात पण गुडघे गेलेत त्यांचे, त्यामुळे उचलणं वाकणं सगळं मी आल्यावर.

मागच्या आठवड्यात असं झालं की कॅश टॅली होईना, पाचशे रुपये कमी. संध्याकाळी सहापर्यंत मोजतेय, समोर गिऱ्हाईक ओरडतंय, मी एकदम शांत, हसून बोलतेय, सगळे म्हणतात ताई किती थंड डोक्याच्या. शेवटी सापडले पैसे, एका पावतीत चूक होती. घरी आले तर लाईट गेलेली, कूलर बंद, मे महिन्याचं तर तुम्हाला माहितीये इथलं, रात्री आठलाही भिंती गरम. पोरगी रडत होती, भाकरी टाकायची होती, आणि पोराच्या हातून दुधाचा ग्लास सांडला. बस. एवढंच. मी इतकी ओरडले की आवाज माझा मलाच ओळखू येईना. हात उचलला गेला, मारलं नाही पण तो दचकून मागे सरकला, डोळे मिटून घेतले त्याने.

खरं त्रास त्याच्या नंतरच्या गोष्टीचा झाला. चार दिवसांनी गादी झटकताना त्याच्या वॉटरबॅगचं तुटलेलं झाकण सापडलं. चार दिवस तो उघडी बाटली हाताने झाकून शाळेच्या समर कॅम्पला नेत होता. सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, आईला सांगू नको. तेव्हापासून मला झोप नाही.

मला एवढंच विचारायचंय की हा राग मला कळायच्या आधीच कसा बाहेर पडतो? ऑफिसात दिवसभर जो ताबा असतो तो घरी दहा मिनिटंही का टिकत नाही? ज्या पोरासाठी सगळं करतेय त्याच्यावरच का निघतो? नंतर अर्धा पाऊण तास हात थरथरतात, छाती धडधडते, मग रडू येतं. हे फक्त माझ्या स्वभावाचं आहे की शरीराचं काही आहे? कृपया "संयम ठेवा" असं नका लिहू, ते मी रोज स्वतःला सांगते.

केळीबाग_रावेर

ताई वाचून डोळ्यात पाणी आलं. झाकणाचं वाचलं आणि पुढे वाचवेना. माझ्याकडे उत्तर नाहीये पण तू एकटी नाहीस, माझा आवाजही गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि नंतर पोरं झोपली की त्यांचे पाय दाबत बसते मी.

गिरणाकाठ

राग मानू नका पण स्पष्ट बोलतो. आमच्या आईने सहा लेकरं वाढवली, कापूस वेचायला जायची, विहिरीचं पाणी ओढायची, तिला कधी स्ट्रेस नव्हता. आताच्या पिढीला सुख बोचतं असं वाटतं कधी कधी.

वार्डातली_ताई

मी नर्स आहे, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, 17 वर्षं झाली, जास्त करून बाळंतपणाच्या वार्डात. जमेल तेवढं समजावून सांगते.

पहिलं म्हणजे तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे, राग कळायच्या आधीच बाहेर पडतो कारण शरीराची रचनाच तशी आहे. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, त्याचं काम धोका हुंगणं. मोठा आवाज, सांडलेलं काही, लेकराचं रडणं, हे सगळं तिकडे लवकर पोचतं आणि विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग त्याच्या मागून येतो. तोपर्यंत किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींनी अ‍ॅड्रेनलिन सोडलेलं असतं, ठोके वाढले, श्वास वर आला, हातापायात रक्त गेलं, शरीर मारामारीला किंवा पळायला तयार. "लढा किंवा पळा" ही गोष्ट वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1915 च्या सुमारास मांडली. वाघ आला तर ती उपयोगाची, दुधाचा ग्लास सांडला तर नाही, पण शरीराला दोन्हीतला फरक त्या सेकंदाला कळत नाही.

आता तुझे हात अर्धा तास का थरथरतात ते. अ‍ॅड्रेनलिन सेकंदात येतं, पण त्याच्या मागून कॉर्टिसोल नावाचं दुसरं हार्मोन हळूहळू चढतं, ते साधारण वीस ते तीस मिनिटांनी सगळ्यात वर असतं आणि मग उतरायला लागतं. म्हणजे भांडण संपलं, ग्लास पुसला, तरी अंगात ते चालूच असतं. त्या अर्ध्या तासात पोराला समजावायला, नवऱ्याला फोन करायला, सासूला उत्तर द्यायला जाऊ नकोच. त्या वेळचं बोलणं सगळं तिखटच निघतं.

आणि ऑफिसचं म्हणशील तर मला वाटतं तू ऑफिसात शांत नव्हतीस. तू शांत दिसत होतीस. पाचशे रुपये कमी आले तेव्हाच शरीर तयारीत गेलं असणार, फक्त नोकरीची भीती म्हणून पुढच्या मेंदूने झाकण दाबून धरलं. दिवसभर ते दाबून धरायला ताकद लागते गं. घरी येईपर्यंत ती संपते, त्यात रात्रीची झोप तुटलेली, झोप कमी असली की हा ताबाच आधी सुटतो. पाणी तू दिवसभरात किती पितेस कॅशला बसून? उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं तरी नुसत्या त्यानेच छाती धडधडते, आणि धडधडणाऱ्या छातीला राग यायला निमित्त पुरतं. पोरावर निघतो कारण तिथे नोकरी जायची भीती नाही आणि तो सोडून जाणार नाही हे अंगाला माहीत असतं. त्याच्यावर प्रेम कमी आहे म्हणून हे होत नाही.

उपाय काय, तर एक म्हणजे तुझी पहिली खूण शोध. प्रत्येक बाईची वेगळी असते. कुणाचे दात आवळतात, कुणाचे खांदे कानापर्यंत जातात, कुणाला एकदम उकडतं, कुणाचं बोलणं फास्ट होतं. ओरडण्याच्या आधी पाच-दहा सेकंद ती येतेच. आठ दिवस फक्त तेवढंच बघ, राग आवरायचा प्रयत्नही करू नको.

खूण कळली की श्वास. पण मोठा श्वास आत घ्या म्हणतात तसा नाही, बाहेर सोडायचा लांब. आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, म्हणून आत चार मोजून घेतला तर बाहेर सहा-आठ मोजून सोडायचा, फुंकणीने चूल फुंकतो तसा ओठ करून. पाच-सहा वेळा. आणि माठातलं गार पाणी तोंडावर मारायचं, डोळ्यांवर कपाळावर, त्यानेही ठोके खाली येतात, हा शरीराचाच गुण आहे.

दुसरं, आणि हे टाळू नको. पोरगी 14 महिन्यांची आहे म्हणजे बाळंतपणाला फार दिवस नाही झाले. रक्त तपास. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही बायकांचं थायरॉईड आधी जास्त चालतं, तेव्हा चिडचिड, घाम, धडधड, आणि मग मंदावतं, तेव्हा थकवा आणि रडू. आणि रक्त तर आपल्या देशात निम्म्याहून जास्त बायकांचं कमीच असतं, 2019-21 च्या सरकारी पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला होता. रक्त कमी असलं की जिना चढलं तरी धडधडतं. वार्डात येणाऱ्या किती जणी स्वभावाला दोष देत असतात आणि रिपोर्ट बघितला तर हिमोग्लोबिन आठ.

पोराचं वेगळं लिहिते, आता ड्युटीला जायचंय.

आक्का_अमळनेर

गिरणाकाठ भाऊ, तुमच्या आईला स्ट्रेस नव्हता हे तुम्हाला कोणी सांगितलं, तिने? मी 67 वर्षांची आहे, मीही चार वाढवले. आमच्या आया चिडायच्या, लाटणं फेकून मारायच्या, विहिरीवर जाऊन रडायच्या, आणि काही जणी विहिरीवरून परतच आल्या नाहीत, त्याला गावात "पाय घसरला" म्हणायचे. तेव्हा त्याला नाव नव्हतं एवढंच.

पण एक गोष्ट खरी की तेव्हा ओट्यावर पाच बायका असायच्या. मी थोरल्याला बदडायला निघाले की शेजारची जिजी येऊन पोराला कडेवर घ्यायची आणि मला म्हणायची, "बठ जराखी, पानी पे, मंग बोल." उन्हाळ्यात बिबडे कुरडया करायला गल्ली जमायची, पहाटे चारला चीक शिजवायचा, हात कामात आणि तोंड मोकळं, कोणाची सासू कशी, कोणाचा नवरा कसा, सगळं त्या चिकाच्या पातेल्याभोवती निघून जायचं. आता बिबडे विकत आणतो, चांगले असतात, पण ते बसणं गेलं.

पोरी तू त्या घरात एकटी आहेस. पुण्याचा नवरा आणि गुडघे गेलेली सासू, म्हणजे रात्री आठला दोन हातांवर चार माणसं. मला तर वाटतं तू ओरडलीस यात नवल नाही, इतके दिवस नाही ओरडलीस ते नवल.

वार्डातली_ताई

आक्का बरोबर बोलल्या, आणि त्यावरही अभ्यास झालाय बरं का. "लढा किंवा पळा" ही कल्पना ज्या प्रयोगांवर उभी राहिली त्यात बराच भाग नर प्राणी आणि पुरुषांचा होता. 2000 साली शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की ताणात बायका बऱ्याचदा तिसरं काही करतात, लेकराला जवळ ओढतात आणि दुसऱ्या बाईकडे जातात. म्हणजे ओट्यावर जाऊन बसणं हाही शरीराचाच मार्ग आहे, टाइमपास नाही.

आता पोराचं. हे नीट वाच. आई आणि लेकराचे सूर सारखे जुळलेलेच असतात असं कुठेच नसतं. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात एक प्रयोग केला, आईने बाळासमोर काही मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवायचा. बाळं अस्वस्थ होतात, हात पसरतात, ओरडतात, मग तोंड फिरवतात. पण आई परत हसली बोलली की पुन्हा जवळ येतात, कुरकुरत का होईना. त्यांचं पुढचं सगळं काम हेच सांगतं की सूर चुकणं रोजचंच आहे, परत जुळवणं महत्त्वाचं. तेव्हा झाकणाबद्दल त्याच्याशी बोल. "मी ओरडले ते चुकलं, दूध सांडणं ही काही एवढी मोठी गोष्ट नव्हती, मला राग आला होता तो तुझ्यामुळे नव्हता." एवढंच. त्याच्यापुढे रडू नको आणि "पण तूही नीट धरायला पाहिजे होतं" हे शेपूट तर अजिबात लावू नको, शेपूट लावलं की माफी गेली.

धुळे_आग्रारोड

मी कधीच कुठे लिहीत नाही पण आज लिहिते कारण माझं उलटं आहे, मला राग येतच नाही, मी गोठते. बाळ सहा महिन्यांचं आहे, ते रडायला लागलं आणि सासू काही बोलायला लागल्या की मी बेसिनपाशी नळ चालू करून उभी राहते, ऐकू येतं सगळं पण पाय हलत नाहीत, कधी कधी पाणी वाहत राहतं, सासू म्हणतात बघा किती निगरगट्ट. मलाही तेच वाटायला लागलं होतं की मला लेकराचं प्रेमच नाही. मागच्या महिन्यात तर असं मनात यायला लागलं की मी नसते तर बरं झालं असतं सगळ्यांचं.

वार्डातली_ताई

अगं, गोठणं हाही धोका दिसला की शरीर जे करतं त्याचाच एक प्रकार आहे. ससा कसा गवतात थिजून बसतो, लढता येत नाही आणि पळताही येत नाही तेव्हा शरीर ब्रेक मारतं. निगरगट्टपणा नाही तो. त्या वेळी पाय हलत नसतील तर बोटं हलव, टाचा जमिनीवर दाब, समोर दिसतील त्या पाच वस्तूंची नावं मनात घे, तेवढ्यानेही सुटायला मदत होते.

पण शेवटचं जे लिहिलंस ते मी सगळ्यात गंभीर धरते. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं ते दोन आठवड्यांत जातं. सहा महिन्यांच्या बाळाच्या आईला असे विचार येणं हा आजार आहे आणि तो बरा होतो, औषधाने, बोलण्याने, आणि अंगावर पाजत असली तरी चालतील अशी औषधं आहेत, डॉक्टरांना सांगायचं की पाजतेय. आजच 14416 ला फोन कर. टेली मानस म्हणून सरकारी लाईन आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलता येतं. आणि सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी असते. दहा प्रश्नांचा एक साधा कागद असतो, 1987 साली एडिंबरामध्ये तयार झालेला, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात, त्यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. घरात नवरा, आई, बहीण, कोणाला तरी एकाला हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखव. आणि फोन केलास की इथे नुसतं "केला" एवढं लिही, मी वाट बघतेय.

आक्का_अमळनेर

माय, कसाले असा विचार करस. आमी शेतस ना. फोन कर आधी.

सुरतवाला_नंदुरबारकर

बायकांच्या चर्चेत बोलू का माहीत नाही पण पुण्याच्या भाऊंच्या जागी मी आहे म्हणून लिहितो. मी सुरतला, बायको दोन पोरांसोबत नंदुरबारला. मी रोज व्हिडिओ कॉल करायचो, जेवलीस का, पोरं काय करतात, आणि मला वाटायचं मी खूप साथ देतोय. एकदा ती म्हणाली की तू फोन केलास की मला अजून एक काम वाढतं, पोरांना स्क्रीनसमोर बसवायचं आणि मी हसायचं. खूप लागलं मला ते.

मग आम्ही बसून एक वही केली, तिच्या डोक्यात काय काय चालू असतं त्याची. गॅस नंबर लावणे, लसीची तारीख, शाळेची फी, दूधवाल्याचा हिशेब, मम्मीच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या, नळाला पाणी कोणत्या दिवशी, युनिफॉर्मचं माप. चाळीसच्या वर गोष्टी निघाल्या. त्यातल्या ज्यांना हात लागत नाहीत, फक्त लक्षात ठेवावं लागतं, त्या सगळ्या मी घेतल्या. मोबाईलवर बसल्या जागी होतात. गोळ्या मी इथून ऑर्डर करतो, फी मी भरतो, लसीच्या आदल्या दिवशी आशाताईंना फोन मी करतो. ताई, तुमच्या मिस्टरांना ही वही करायला सांगा, तुम्ही करू नका, तुम्ही फक्त बोला आणि लिहायचं त्यांनी.

धुळे_आग्रारोड

केला. रात्री साडेअकराला. बाई होत्या, चांगल्या बोलल्या, अर्धा तास बोलले मी. बहिणीला पण सांगितलं, ती उद्या शिरपूरहून येतेय, सोमवारी सिव्हिलला जाणार आम्ही.

वार्डातली_ताई

शाब्बास. बहीण येईपर्यंत रात्री एकटी झोपू नको, सासूला खोलीत घे, कारण सांगायची गरज नाही.

गिरणाकाठ

आक्का, तुमचं वाचून काल आईला विचारलं. तिने बराच वेळ काही सांगितलं नाही, मग म्हणाली की धाकट्याच्या वेळी ती दोन महिने कोणाशी बोलत नव्हती आणि घरच्यांनी देवऋषी आणला होता. मला 41 वर्षांत हे माहीत नव्हतं. वरचं लिहिलं त्याबद्दल माफी मागतो.

पारोळ्याची_सून

बारा दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं. धुळ्याच्या ताई, तुमच्यासाठी रोज दिवा लावते.

रिपोर्ट आले. थायरॉईड नॉर्मल, हिमोग्लोबिन 8.9, बी-12 पण कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. खूण सापडली, माझी पायाची बोटं चपलेला घट्ट धरतात. कॅशला बसल्यावरच धरतात, सकाळी अकरापासून! इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. आता ऑफिसातून निघाले की सरळ घरात शिरत नाही, जिन्याखाली दहा मिनिटं बसते, श्वास सोडते, पाणी पिते, मग वर जाते. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या बस, पोरगी दहा मिनिटं अजून रडली तर काही होत नाही. त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती मला. मिस्टरांना वहीचं सांगितलं, आधी रागावले, मग शनिवारी आले तेव्हा स्वतः पेन घेऊन बसले.

ओरडणं बंद नाही झालं, परवा एकदा झालंच, पण हात नाही उचलला आणि पोराला लगेच नाही, अर्ध्या तासाने सॉरी म्हटलं. त्याला मी सांगितलं की आईला राग यायच्या आधी तिची बोटं चप्पल धरतात. तर तो म्हणतो, मग मी रोज तुझे पाय बघू का, बोटं घट्ट झाली की सांगतो. मला इतकं गोड वाटलं.

वार्डातली_ताई

गोड आहे, पण हे काम त्याला देऊ नको गं. त्याने आधीच आईचा चेहरा बघून झाकण लपवलंय, आता पाय बघत बसेल. त्याला सांग, बोटं बघायचं काम आईचं, तू खेळ. तू तुझी बोटं सैल केलीस की त्याला मोठ्याने सांग, "झाली सैल", एवढं त्याने ऐकलं तरी खूप.

पारोळ्याची_सून

हे लक्षातच नाही आलं माझ्या. आज सांगते त्याला.

एक अजून, लोहाच्या गोळीने पोटात मळमळतं सकाळी, बंद करू का?

वार्डातली_ताई

बंद नको करू. उपाशीपोटी घेत असशील, दुपारच्या जेवणानंतर घे, वरणात लिंबू पिळ, आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं झालं तर घाबरू नको, गोळीचंच असतं. मळमळ तरी राहिली तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घे. महिन्याने रक्त परत तपास आणि इथे आकडा लिही.